जांभ्याच्या भिंतीवर पाण्याचा मारा जपूनच

पावसाळा सरला की कोकणातील घरांच्या बाहेरील भिंतींवर शेवाळाचा काळपट थर उरतो. तो काढण्यासाठी गाड्या धुण्याचा प्रेशर वॉशर आता भिंतीकडेही वळवला जातो. घरगुती यंत्राचा दाब साधारण १०० बार, म्हणजे मोटारीच्या चाकातील हवेच्या सुमारे चाळीसपट असतो.

सिमेंटचा पक्का गिलावा हा मारा सोसतो; जांभा सोसेलच असे नाही. हा दगड सच्छिद्र असून त्याच्या पोकळ्यांत मऊ माती असते. एकवटलेल्या धारेने ती वाहून जाते, चिऱ्यांच्या सांध्यांतील चुना उखडतो. वरून लखलखीत दिसणारी भिंत मग पुढच्या पावसात आतून ओल धरते.

यंत्र वापरायचेच तर धार हातपंख्यासारखी पसरवणारे ४० अंशांचे नोझल लावावे आणि आधी एखाद्या कोपऱ्यात चाचणी घ्यावी. खालून वर मारलेले पाणी कौलांखाली व खिडक्यांच्या फटींत शिरते. बाहेरील दिव्यांचा वीजपुरवठा बंद असावा. शिडीवरून तर धार मारूच नये. यंत्राचा उलटा धक्का तोल घालवण्यास पुरेसा असतो.

चुन्यात बांधलेल्या जुन्या घरांना मात्र काथ्याचा ब्रश व साधे पाणीच बरे. शेवाळ चार दिवस उन्हात वाळू दिल्यास ते सहज खरवडले जाते.