गोडाची ओढ आणि मधुमेह : उंदरांच्या जिभेने काय सांगितले?

‘गोड फार खायचा, म्हणून साखर झाली,’ असे सहज बोलले जाते. त्याच्या जोडीला दुसरा समजही असतो : अंगाने बारीक, दिवसभर शेतात राबणारा माणूस, त्याला कुठली साखर? शहापूर, मुरबाडसारख्या भातशेतीच्या तालुक्यांत हे दोन्ही समज महागात पडू शकतात.

आवड जन्मजात असते का?
प्रयोगशाळेत उंदरांपुढे दोन बाटल्या ठेवतात. एकीत साधे पाणी, दुसरीत गोड. काही जातींचे उंदीर गोड पाण्यावर तुटून पडतात, काहींना त्याचे फारसे अप्रूप नसते. हा फरक मुख्यतः एका जनुकामुळे पडतो, असे १९७४ मध्ये दिसले. २००१ मध्ये ते जनुक सापडले. जिभेवर गोड चव ओळखणाऱ्या ग्राहीचा एक भाग ते घडवते. त्यात थोडा बदल झाला, की तेच पाणी कमी गोड लागते.

मधुमेहाचा संबंध कुठे येतो?
शरीरातील चरबी ‘लेप्टिन’ नावाचे संप्रेरक तयार करते. ‘साठा पुरेसा आहे’ हा निरोप ते मेंदूला देते. सडपातळ उंदरांना लेप्टिन दिल्यावर जिभेकडून जाणारा गोड चवीचा संदेश मंदावतो, खारट-आंबट-कडूचा नाही, हे जपानी संशोधकांनी २००० मध्ये दाखवले. ‘डीबी’ उंदरांत लेप्टिनचा ग्राहीच सदोष असतो. ते लठ्ठ होतात, त्यांना मधुमेह होतो आणि लेप्टिन देऊनही त्यांचा गोडाचा संदेश मंदावत नाही. म्हणजे इथे गोडाची ओढ आणि मधुमेह या दोन्हींच्या मुळाशी एकच बिघाड आहे.

उंदरांचे निष्कर्ष माणसाला जसेच्या तसे लागू होत नाहीत. मात्र गोड आवडणे हा निव्वळ मनाचा दुबळेपणा नाही, एवढे त्यातून कळते.

बारीक माणसाला धोका नाही?
पुण्याच्या केईएम रुग्णालयाचे डॉ. चित्तरंजन याज्ञिक यांनी १९९३ पासून पुण्याजवळच्या सहा गावांत माता-बालकांचा अभ्यास केला. तिथल्या नवजात बाळांचे सरासरी वजन सुमारे २.७ किलो, तर इंग्लंडमधील साउदम्प्टनच्या बाळांचे ३.५ किलो होते. पुण्याकडच्या बाळांत स्नायू कमी, पण वजनाच्या मानाने चरबी टिकून होती. अशी ठेवण पुढे मधुमेहाचा धोका वाढवते, असे याज्ञिक यांचे म्हणणे. कुपोषणाशी झुंजणाऱ्या आदिवासी पाड्यांसाठी हा इशारा मोलाचा आहे.

मग काय करावे?
जिभेवर विसंबू नये. सॅकरिन गोड लागते, पण रक्तातील साखर वाढवत नाही. भात गोड लागत नाही, पण पोटात त्याची साखरच होते. गूळही साखर वाढवतोच.

खरे उत्तर रक्त तपासूनच मिळते. तिशीपुढील प्रत्येकाची मधुमेह तपासणी उपकेंद्रात, म्हणजे आताच्या आयुष्मान आरोग्य मंदिरात, मोफत होते. आशाताईंकडे चौकशी करावी. उपाशीपोटी साखर १२६ किंवा अधिक आली, तर पुन्हा तपासून डॉक्टरांचा सल्ला घ्यावा. खूप तहान लागणे, वारंवार लघवी होणे, जखम लवकर न भरणे ही लक्षणे टाळू नयेत. वजन घटत असेल, तर ते कष्टामुळेच असे गृहीत धरू नये.