रिओहाची लाल वाईन आणि आपला हापूस



वाईनचा विषय आपल्या अंकात कशाला, असे कोणी विचारील. पिण्याचा प्रचार करण्याचा आमचा हेतू नाही. पण शेतमालाला नाव कसे मिळते आणि ते कसे टिकते, हे शिकण्यासारखे आहे, म्हणून ही माहिती.

स्पेनच्या उत्तरेस एब्रो नदीच्या खोऱ्यात रिओहा हा प्रदेश आहे. समुद्राकडून येणारे ढग व गार वारे उत्तरेचे डोंगर अडवतात, त्यामुळे खोरे कोरडे राहते. आपल्याकडेही सह्याद्री पावसाळी ढग अडवतो. म्हणून पनवेलला भात पिकतो आणि घाटापलीकडे नाशिक-निफाडला द्राक्ष. आपल्या दमट हवेत केवडा व भुरी बाग टिकू देणार नाहीत.

रिओहाचे मुख्य वाण टेंप्रानिओ. स्पॅनिश भाषेत ‘टेंप्रानो’ म्हणजे लवकर. भातात जसे हळवे वाण, तसे हे द्राक्षातले हळवे वाण. नाशिक भागातही त्याची थोडी लागवड झाली आहे. लाल वाईन करताना रस सालींसकट आंबवतात. सालीतून रंग उतरतो आणि जांभळासारखा तुरटपणाही येतो. चवीला चेरी व आलुबुखाराची आठवण होते. पुढे ओक लाकडाच्या पिंपात मुरल्यावर तिला व्हॅनिलाचा वास लागतो. मद्यार्क साधारण १३ ते १४ टक्के असतो.

तिकडचे लोक ही वाईन जेवणाबरोबर घेतात. छाटणीत निघालेल्या द्राक्षकाड्यांच्या निखाऱ्यावर कोकराचे मांस भाजतात. मेंढीच्या दुधाचे चीजही सोबत असते. आपल्या रायगडची पोपटी तिला शोभेल. झणझणीत रस्सा मात्र नको. तिखटाने वाईन कडू व जळजळीत लागते.

आता मुद्द्याची गोष्ट. रिओहा हे नाव १९२५ साली संरक्षित झाले आणि १९९१ साली त्याला स्पेनमधील सर्वोच्च दर्जा मिळाला. त्यासाठी शेतकऱ्यांनी स्वतःवर बंधने घेतली. लाल द्राक्षाचे उत्पन्न हेक्टरी ६,५०० किलोपेक्षा जास्त घ्यायचे नाही, म्हणजे एकरी जेमतेम २६ क्विंटल. आपल्याकडे खायच्या द्राक्षाचे एकरी ८-१० टन काढतात! मुरवण्याचेही नियम आहेत. ‘क्रिआन्सा’ दोन वर्षे, ‘रेसेर्वा’ तीन वर्षे आणि ‘ग्रान रेसेर्वा’ पाच वर्षे मुरल्याशिवाय बाजारात जात नाही. बाहेरच्या द्राक्षाच्या वाईनवर रिओहाचे नाव घालता येत नाही. म्हणून गिऱ्हाईक बाटलीवरचे नाव वाचून निर्धास्त पैसे मोजते.

आपल्या कोकणच्या हापूसलाही २०१८ साली भौगोलिक मानांकन मिळाले. त्यात रायगड जिल्हा आहे. पण हंगामात महामार्गाच्या कडेला परप्रांतीचा आंबा हापूसच्या पेटीत भरून विकला जातो, हे आपण पाहतोच. फसलेले गिऱ्हाईक पुढच्या वर्षी खऱ्या हापूसलाही भाव पाडून मागते. नुकसान होते ते बागायतदाराचे.

म्हणून बागायतदारांनी अधिकृत वापरकर्ता म्हणून नोंदणी करावी. कोवळी फळे उतरवू नयेत, पेटीवर आपले नाव-गाव लिहावे आणि पेटीत दुसरा आंबा मिसळू नये. गावातले चार बागायतदार एकत्र येऊन एवढे पाळतील, तर त्यांच्या पेटीला गिऱ्हाईक शोधत येईल.