रक्त वाढलंय, पण कुणाच्या हुकमावरून?

‘अंगात रक्त नाही, बीट-खजूर खा’ हा सल्ला घरोघरी मिळतो. रक्त जास्त असणं हाही आजार असू शकतो, हे मात्र फारसं कुणाच्या गावी नसतं.

फिनलंडचा स्कीपटू एरो मॅन्टिरान्टा याचं हिमोग्लोबिन २० ग्रॅमच्याही वर असे. १९६४च्या इन्सब्रुक ऑलिंपिकमध्ये त्याने दोन वैयक्तिक सुवर्णपदकं जिंकली, पण गैरप्रकाराचा संशय त्याला वर्षानुवर्षं चिकटून राहिला. उलगडा झाला १९९३मध्ये, त्याच्या घराण्याच्या जनुकीय अभ्यासातून.

तांबड्या पेशी अस्थिमज्जेत तयार होतात आणि साधारण १२० दिवस जगतात. किती पेशी बनवायच्या, याचा हुकूम मुख्यतः मूत्रपिंडं सोडतात, तो एरिथ्रोपोएटिन (ईपीओ) या संप्रेरकाच्या रूपाने. मॅन्टिरान्टाच्या घराण्यात हा हुकूम झेलणाऱ्या ग्राहक-प्रथिनाचं शेपूट तोकडं होतं. ‘आता पुरे’ म्हणायची सोय त्या शेपटातच असते. त्यामुळे थोड्याशा ईपीओवरही पेशींचं उत्पादन जोरात चाले.

असा वारसा विरळाच. बहुतेकांच्या बाबतीत प्राणवायूची चणचण मूत्रपिंडांना कामाला लावते. लेहसारख्या उंचीवरचा मुक्काम, फुप्फुसांचा जुना विकार, झोपेत श्वास अडकणं ही त्याची नेहमीची कारणं. सिगारेटच्या धुरातला कार्बन मोनॉक्साइड हिमोग्लोबिनला घट्ट चिकटतो आणि प्राणवायूची जागा अडवतो. टेस्टोस्टेरॉनची इंजेक्शनं आणि मूत्रपिंडाच्या काही गाठीही आकडा चढवतात. जुलाब-उलट्यांनी शरीरातलं पाणी घटलं, तर पेशी तेवढ्याच असूनही रक्त दाट दिसतं.

पॉलिसायथेमिया व्हेरा हा रक्ताचा कर्करोग मात्र हुकमाची वाटच पाहत नाही. त्याच्या सुमारे ९५ टक्के रुग्णांत ‘जॅक-२’ जनुकातला एकच बदल सापडतो. २००५मध्ये तो उजेडात आला. गरम पाण्याने आंघोळ केल्यावर अंगाला सुटणारी खाज ही त्याची एक खूण. खरी भीती असते ती गुठळ्यांची, म्हणजेच पक्षाघात आणि हृदयविकाराची. त्यामुळे ठरावीक अंतराने रक्त काढतात, बहुतेकांना कमी मात्रेत अ‍ॅस्पिरिनही देतात.

पुरुषांत हिमोग्लोबिन १६.५ आणि स्त्रियांत १६ ग्रॅमच्या वर दिसलं, तर आधी पुन्हा तपासून घ्यावं. तरीही आकडा चढाच राहिला, तर रक्तातलं ईपीओ मोजतात. ते वाढलेलं असेल तर शोध फुप्फुसं, झोप आणि मूत्रपिंडांकडे वळतो. घटलेलं असेल तर अस्थिमज्जेकडे. हे ठरेपर्यंत लोहाच्या गोळ्या मनाने घेऊ नयेत.