गैरहजर मत कोणाच्या खात्यावर?

बारामतीहून इंदापूरकडे निघाले की भवानीनगर, लासुर्णे यांनंतर अंथुर्णे लागते. आषाढी वारीत संत तुकाराम महाराजांची पालखी येथे मुक्कामास असते. याच ऊसपट्ट्यात सोलापूरच्या शेठ वालचंद हिराचंद यांनी वालचंदनगर उभे केले. उसापासून साखर होते, तशी मळीपासून दारूही होते. अशा गावांत दारूचा परवाना कोणत्या तत्त्वावर द्यावा व काढून घ्यावा, याचा विचार व्यापारी समाजानेही केला पाहिजे.

आपल्या राज्यातील मूळ कायदा 1949 चा आणि तो दारूबंदीचा आहे. म्हणजे बंदी हा नियम, परवाना हा अपवाद. दारूचा व्यापार हा मूलभूत हक्क नाही, असे सर्वोच्च न्यायालयानेही खोडे डिस्टिलरीज खटल्यात स्पष्ट केले आहे. तेव्हा अपवाद का चालू ठेवावा, हे दुकानाने सिद्ध करावयास हवे. प्रत्यक्षात भार गावावर पडतो.

2008 च्या शासन आदेशानुसार गावातील 25 टक्के महिला मतदारांनी मागणी केल्यास गुप्त मतदान होते. ‘उभी बाटली’ म्हणजे दुकान चालू, ‘आडवी बाटली’ म्हणजे बंद. परंतु आडव्या बाटलीला यादीतील एकूण महिलांपैकी निम्म्याहून अधिक मते लागतात. हिशोब मांडून पाहावा. यादीत 1000 महिला आहेत. 700 आल्या आणि 490 जणींनी बंदीला कौल दिला. शेकडा सत्तर मते मिळूनही दुकान चालूच राहते, कारण 501 झाली नाहीत. सासरी गेलेल्या मुली, कामासाठी बाहेरगावी असलेल्या स्त्रिया, आजारी वृद्धा, या साऱ्यांची गैरहजेरी दुकानाच्या खात्यावर जमा होते.

सुधारणेची तीन तत्त्वे म्हणूनच मांडावीशी वाटतात. पहिले, झालेल्या मतांचे बहुमत ग्राह्य धरावे. हवी तर किमान उपस्थितीची अट ठेवावी. दुसरे, कॅश क्रेडिटच्या नूतनीकरणास बँक मालाचा तपशील आणि खात्याची उलाढाल पाहते. परवान्याच्या नूतनीकरणासही केवळ शुल्क पुरेसे नसावे, वर्षभरातील तक्रारी व नियमभंग पाहिले जावेत. तिसरे, महसुलाचे उद्दिष्ट आणि नियमभंगाची तपासणी आज एकाच खात्याकडे आहे. कर्ज मंजूर करणाऱ्यानेच लेखापरीक्षण करू नये, हा साधा दंडक येथेही लागू व्हावा.

दुकान बंद झाले की हातभट्टी फोफावते, हा आक्षेप गंभीर आहे. 2015 मध्ये मुंबईच्या मालवणीत विषारी दारूने शंभराहून अधिक बळी घेतले. मात्र त्यावर उत्तर परवाने वाढवणे नव्हे. 2016 च्या दुरुस्तीने ग्रामरक्षक दलाची तरतूद केली आहे. बंदीच्या ठरावासोबतच हे दल उभे राहिले पाहिजे.

श्रावकाला वर्ज्य असलेल्या पंधरा कर्मादानांत रसवाणिज्य येते. त्यामुळे आपल्यापैकी कोणी दारू विकत नसेल; परंतु रस्त्यालगतचा गाळा चढ्या भाड्याने बिअर शॉपीला देण्याचा मोह होतो. तो करार करण्यापूर्वी घरातील स्त्रियांचे मत घ्यावे. आणि गावात मतदान ठरले, तर त्या दिवशी दुकानात काम करणाऱ्या भगिनींना पगारी सुट्टी द्यावी. कायदा बदलेपर्यंत एकेका गैरहजेरीची किंमत आपण जाणली पाहिजे.