मिटवायचं नाही, कळवायचं

समजा, जुळे सोलापुरातल्या एका अंगणवाडीत चार वर्षांचा मुलगा आठ दिवसांपासून खिचडीला हात लावत नाही. दाराची कडी वाजली की सेविकेमागे लपतो. अंगावर एकही वळ नाही. अंगणवाडी सेविकांच्या प्रशिक्षणाची सुरुवात अशाच मुलापासून व्हायला हवी. मार आईला बसतो. मूल तो भिंतीपलीकडून ऐकत असतं.

आईला विचारायचं, पण नवऱ्यासमोर नाही. मुलाचं वजन करायच्या निमित्तानं ती एकटी सापडते. "घरात कुणाची भीती वाटते का?" एवढं पुरे. सोलापूर तीन भाषांचं गाव. ती तेलुगूत किंवा कानडीत मोकळी होत असेल, तर सासरच्या माणसाला दुभाषी करायचं नाही, मुलाला तर नाहीच. आणि "कुणाला सांगणार नाही" असं वचन आधीच देऊन बसायचं नाही.

सगळ्यात अवघड धडा न मिटवण्याचा. भांडण दिसलं की आपल्याकडे दोघांना समोरासमोर बसवतात. तिथं बाई काय बोलणार? बोललीच, तर त्याचा हिशेब घरी गेल्यावर होतो.

त्याऐवजी तिला संरक्षण अधिकाऱ्याची वाट दाखवायची. कौटुंबिक हिंसाचाराच्या 2005च्या कायद्यानुसार तो नमुना 1 मध्ये घटनेचा अहवाल लिहितो. त्यात मुलांचाही रकाना आहे: वय, सध्या कुणाजवळ. मुलगा जेवत नाही, दचकतो, हेही सेविकेनं तारखेसह सांगावं. नुसत्या वयावरून न्यायालयाला काय कळणार? नमुना 5 हा सुरक्षितता आराखडा: काय घडलं, पुढं कशाची भीती, कोणता उपाय हवा. न्यायालयात अर्ज केल्यानंतर पहिली तारीख सर्वसाधारणपणे तीन दिवसांत पडावी, असं कायदा सांगतो. मुलाचा तात्पुरता ताबाही आईला मिळू शकतो.

मुलालाच मारहाण होत असेल तर 1098 या बाल मदत क्रमांकावर फोन. त्याला घराबाहेर काढावं लागलं, तर प्रवासाचा वेळ सोडून 24 तासांत बाल कल्याण समितीपुढं न्यायचं. लैंगिक अत्याचाराची शंका आली, तर 2012च्या पोक्सो कायद्यानं कळवणं सक्तीचं. तिथं आईच्या होकारासाठी थांबता येत नाही.

सद्भावनेनं संरक्षण अधिकाऱ्याला कळवणाऱ्यावर दावा किंवा खटला चालत नाही, हे 2005च्या कायद्याचं कलम 4 सांगतं. गल्लीतले टोमणे मात्र कुठलंच कलम थांबवत नाही, आणि सेविका बहुधा त्याच गल्लीत राहते. म्हणून पहिला फोन मुख्यसेविकेला, आणि त्या घरी एकटीनं जायचं नाही.