कूतच्या वेढ्यातले आपले शिपाई

पुणे-सातारा भागातल्या काही गावांत चावडीच्या किंवा शाळेच्या भिंतीत बसवलेली दगडी पाटी दिसते. या गावातून १९१४ ते १९१९ च्या महायुद्धावर इतकी माणसं गेली, त्यांतल्या इतक्यांनी प्राण दिले, एवढंच तिच्यावर असतं. नाव एकाचंही नसतं.

त्या आकड्यांत रणांगणावर पडलेले शिपाई आहेत, तसे शत्रूच्या कैदेत गेलेलेही आहेत. आज त्यांच्याविषयी बोलायचं आहे.

डिसेंबर १९१५ मध्ये इराकात, टायग्रिस नदीच्या वळणावरच्या कूत या गावाला तुर्की फौजेनं वेढा घातला. आत जनरल टाउन्सहेंड यांची सहावी डिव्हिजन अडकली. तिचं नावच ‘पूना डिव्हिजन’. तीत १०३, ११० आणि ११७ या मराठा पलटणी होत्या, खडकीच्या सॅपर्सची माणसंही होती. वेढा १४७ दिवस चालला. धान्य संपत आलं, तेव्हा घोडे कापले गेले. ते मांस आपल्या शिपायांपैकी बहुतेकांनी बरेच दिवस धर्मासाठी नाकारलं, आणि त्यामुळं ते अधिकच खंगले. २९ एप्रिल १९१६ ला शरणागती झाली. सुमारे तेरा हजार माणसं कैद झाली, त्यांतली बहुसंख्य हिंदी.

टाउन्सहेंडसाहेबांना इस्तंबूलजवळच्या बेटावर बंगला मिळाला. त्यांचा कुत्रासुद्धा तुर्कांनी बसऱ्याला सुखरूप पोचवला! शिपायांना मात्र उन्हाळ्यात वाळवंटातून चालवत नेलं. पायांत धड जोडे नाहीत, पाण्याचे हाल, त्यात हगवण. मागं पडला तो तिथंच राहिला. जगले त्यांतल्या अनेक हिंदी कैद्यांना रास-अल-ऐनला बगदाद रेल्वेच्या कामावर जुंपलं. तिथं असलेले बंगाली रुग्णसेवक शिशिर सर्वाधिकारी यांनी लपवून टिपणं ठेवली. त्यांवरून लिहिलेलं ‘अभि ले बगदाद’ हे त्यांचं पुस्तक १९५७ साली निघालं. आपल्या मराठी शिपायाला अक्षरओळख असती, तर त्यानंही लिहिलं असतं.

थडगं नसलेल्यांसाठी बसऱ्याला स्मारक झालं. तिथंही तीच तऱ्हा. गोऱ्या शिपायाचं नाव भिंतीवर आणि हिंदी साध्या शिपायांची फक्त संख्या, तेहतीस हजारांहून अधिक. १९९७ साली सद्दाम हुसेन यांच्या हुकुमानं ते स्मारक उचलून नासिरियाच्या रस्त्यावर नेलं गेलं. राष्ट्रकुल युद्धस्मशान आयोगानं या भेदभावाची चौकशी करून २०२१ मध्ये जाहीर माफी मागितली. शंभर वर्षं उशिरा!

पण नावं अगदीच नाहीशी झालेली नाहीत. भिंतीवर नसली, तरी आयोगाच्या नोंदवहीत ती आहेत, आणि आता इंटरनेटवर कुणालाही फुकट शोधता येतात. शिपायाचा हुद्दा, पलटण, मृत्यूची तारीख आणि पुष्कळदा बापाचं नाव, गाव, तालुका, जिल्हा इतकं मिळतं. बारामती-इंदापूर रस्त्यावरच्या सणसरसारख्या गावातल्या कुणाला आपला खापरपणजा किंवा त्याचा भाऊ शोधायचा असेल, तर थोडा धीर धरावा लागेल. जिल्हा ‘पुणे’ नव्हे, ‘पूना’ असा टाकावा. गावाचं स्पेलिंग इंग्रज कारकुनाच्या कानाला जसं ऐकू आलं तसं असतं. सणसरचं तो काय करील सांगता येत नाही. आडनाव पुष्कळदा नसतंच, म्हणून नुसतं पाळण्यातलं नाव आणि पलटणीचा क्रमांक घेऊन शोधावं. घरात जुनं पदक असेल तर त्याची कड नीट पाहावी, नंबर आणि नाव तिथंच कोरलेलं असतं.