सोडणे आणि सुटणे : टाळेबंदीतील मद्यविरामाचा विचार

‘त्याने दारू सोडली’ आणि ‘त्याची दारू सुटली’ या दोन वाक्यांतील भेद व्याकरणाच्या विद्यार्थ्याला समजावून सांगावा लागत नाही. पहिल्या वाक्यात माणूस कर्ता आहे. निश्चय त्याचा, कृतीही त्याचीच. दुसऱ्यात कर्तेपण दारूकडे जाते आणि माणूस षष्ठी विभक्तीत मागे उरतो. व्यवहारात मात्र दोन्ही वाक्ये सारख्याच समाधानाने उच्चारली जातात, कारण फलित एकच आहे अशी आपली समजूत असते. ही समजूत किती अपुरी आहे, याचा प्रत्यय करोनाच्या महासाथीत आला. त्या अनुभवाचा वैद्यकीय अर्थ आणि त्याच्याशी निगडित असलेला शब्दांचा प्रश्न यांचा विचार प्रस्तुत लेखात करावयाचा आहे.

दिनांक २५ मार्च २०२० पासून देशभर टाळेबंदी लागू झाली आणि मद्यविक्री जवळजवळ सर्वत्र थांबली. अनेक राज्यांत ती ४ मेपासून पुन्हा सुरू झाली. मधल्या सुमारे चाळीस दिवसांत असंख्य लोकांची दारू ‘सुटली’. त्यांनी ती सोडली नव्हती. बंगळूरच्या रुग्णालयांतील नोंदींवर आधारलेल्या एका अभ्यासात असे आढळले की, टाळेबंदी सुरू होताच मद्य अकस्मात थांबल्यामुळे गंभीर आजारी झालेल्या रुग्णांची दैनिक संख्या सुमारे दुप्पट झाली. मद्य न पिण्याने मनुष्य आजारी कसा पडतो, हा प्रश्न येथे साहजिकच उपस्थित होतो.

याचे उत्तर मेंदूच्या रचनेत आहे. मज्जापेशींचे कार्य उत्तेजन आणि शमन या दोन विरुद्ध प्रेरणांच्या समतोलावर चालते. मद्य शमनाला बळ देते व उत्तेजनाला दाबते. वर्षानुवर्षे नित्य मद्यपान घडले म्हणजे मेंदू या दडपणाशी जुळवून घेतो. शमनाची यंत्रणा मंदावते आणि उत्तेजनाची प्रबळ होते. अशा स्थितीत मद्य एकाएकी थांबले, तर दडपण नाहीसे होते, परंतु त्याच्या प्रतिकारासाठी उभी राहिलेली उत्तेजना तशीच राहते. शेवटच्या घोटानंतर सहा ते बारा तासांत हात कापू लागतात, घाम येतो, झोप उडते. पहिल्या दोन दिवसांत अपस्मारासारखे झटके येऊ शकतात. सामान्यतः दुसऱ्या ते चौथ्या दिवसाच्या सुमारास काही रुग्णांना कंपोन्माद होतो : स्थळकाळाचे भान जाते, नसलेली माणसे दिसतात, ज्वर चढतो. कंपोन्मादात उपचारांअभावी मृत्यूही ओढवतो. वेळीच उपचार झाल्यास मृत्यूचे प्रमाण शेकडा पाचांहून कमी राहते. अर्थात् प्रत्येक पिणाऱ्याच्या वाट्याला हे येते असे नाही. दीर्घकाळ व मोठ्या प्रमाणात पिणाऱ्यांनाच याचा विशेष धोका असतो.

मराठीत ज्या क्रियापदाने दारू ‘सुटते’, त्याच क्रियापदाने कंप ‘सुटतो’ आणि घामही ‘सुटतो’. हा योगायोग आहे; त्यावरून भाषेला वैद्यकाचे ज्ञान होते असा निष्कर्ष काढणे अनुचित ठरेल. परंतु सकाळचे कापरे थांबावे म्हणून घेतलेल्या पहिल्या घोटाला पिणाऱ्यांच्या बोलीत ‘उतारा’ म्हणतात, ही गोष्ट मात्र निव्वळ योगायोगाची नव्हे. विषावर असतो तो उतारा. मद्याच्या अभावाने होणारी पीडा मद्यानेच शमते, हा अनुभव त्या शब्दात साठवलेला आहे.

याउलट ‘व्यसन’ या शब्दाचा इतिहास अर्थसंकोचाचा आहे. श्रेयापासून दूर फेकते ते व्यसन, अशी त्याची उपपत्ती कौटिल्य देतो. अर्थशास्त्राच्या आठव्या अधिकरणाचा विषयच व्यसन हा असून त्यात मद्यपान आणि द्यूत यांच्याबरोबर अग्नी, पूर, व्याधी, दुर्भिक्ष व मरी या आपत्तींचाही विचार आला आहे. म्हणजे साथ आणि दारू ही दोन्ही एकाच संज्ञेखाली नांदत होती. आजच्या मराठीत आपत्तीचा अर्थ लोपला आणि वर्तनदोषाचा तेवढा उरला. दोषाची निर्भर्त्सना होते, आपत्तीत मात्र साहाय्य अपेक्षित असते. टाळेबंदीत कापऱ्या हातांनी घरी बसलेल्या माणसाला प्रथम उपदेश मिळाला, तो या संकुचित अर्थामुळे.

केरळ शासनाने ३० मार्च २०२० रोजी अशा रुग्णांना वैद्यांच्या चिठ्ठीवर मद्य देण्याचा आदेश काढला. तेथील उच्च न्यायालयाने २ एप्रिलला त्यास स्थगिती दिली. मद्य हे औषध नव्हे, हा वैद्यांचा आक्षेप योग्यच होता. या आजारावर निश्चित उपचार आहेत : मेंदूची उत्तेजना शमविणारी व क्रमाने कमी करीत नेण्याची औषधे, आणि त्यांच्या जोडीला ब-१ जीवनसत्त्व. जडलेली अहितकर सवय एकदम न मोडता अंशाअंशाने सोडावी, हे तत्त्व चरकानेही सांगितले असून तेथे ‘वि-रम्’ हा धातू योजिला आहे. त्या आधारे या आजाराला ‘मद्यविरामजन्य आजार’ म्हणावे, असे प्रस्तुत लेखकाला वाटते.

उपचारांपर्यंत जे पोहोचले नाहीत, त्यांतील काहींनी अन्य मार्ग धरला. जुलै २०२० मध्ये आंध्र प्रदेशातील कुरिचेडू येथे आणि एप्रिल २०२१ मध्ये यवतमाळ जिल्ह्यातील वणी येथे दारू न मिळाल्याने सॅनिटायझर पिऊन अनेकांचा बळी गेला. वणीतील मृतांची संख्या सात होती.

यावरून मद्यविक्री चालू ठेवणे हाच उपाय होता, असा अर्थ कोणी काढू नये. ब्रिटनमध्ये टाळेबंदीतही मद्याची दुकाने उघडी होती. तेथे केवळ मद्यामुळे झालेल्या मृत्यूंची संख्या २०१९ मधील ७,५६५ वरून २०२० मध्ये ८,९७४ झाली; त्यांतील बहुसंख्य मृत्यू यकृताच्या विकाराने झाले. तात्पर्य, दुकान उघडे असो वा बंद, उपचारांविना आजार राहतोच.

शेवटी एक व्यावहारिक गोष्ट. साथीच्या काळात रुग्ण एकटाच विलगीकरण कक्षात जाई आणि तेथे त्याची दारू आपोआप थांबे. तिसऱ्या दिवशी तो बरळू लागला, तर ते ज्वराचे वा प्राणवायूच्या न्यूनतेचे लक्षण समजले जाण्याचा संभव होता. पिण्याची माहिती असलेले नातलग जवळ नसत. आणि असले, तरी संकोचाने ‘आता सुटली आहे’ एवढेच सांगत. ऐकणाराही त्या उत्तराने निश्चिंत होई. वस्तुतः त्या वाक्याने चौकशी संपत नाही, तेथूनच ती सुरू झाली पाहिजे. ‘सुटली’ असे उत्तर आले, की पुढचा प्रश्न असावा : केव्हा?